सामना सकाळी, गाव संध्याकाळी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘गर्दी’ हा विषय कळवला. खानदेशात गर्दीला तोटा नाही. यात्रा, बारागाड्या, रथोत्सव, कशावरही लिहिता आलं असतं. पण माझ्या डोक्यात बरेच दिवस वेगळाच प्रश्न घोळत होता. आपल्याच शाळा-कॉलेजची पोरं खेळतात तेव्हा गर्दी का होत नाही? आणि जिथे होते, तिथे ती कशामुळे होते? हा प्रश्न घेऊन मी जळगावात हिंडलो, मेहरूणला संध्याकाळी रेंगाळलो. सुरुवात बास्केटबॉलपासून केली, कारण जगाच्या एका कोपऱ्यात याच खेळाने शाळकरी पोरांसाठी गावंच्या गावं रस्त्यावर आणली आहेत.

साडेदहाचं ऊन

भाद्रपद उतरणीला लागला की जळगावचं ऊन पुन्हा डोकं वर काढतं. सिमेंटचा कोर्ट सकाळी साडेदहालाच बुटाच्या तळातून जाणवायला लागतो. सतरा वर्षांखालील मुलींचा सामना. एका बाजूच्या रिंगला जाळी आहे, दुसऱ्या बाजूला नुसती लोखंडी कडी. त्यामुळे तिकडे चेंडू टाकला की बास्केट झाली का, हे विचारायला सगळ्याच पंचांकडे बघतात. चोवीस सेकंदांचं घड्याळ नाही. टेबलावरचे सर मोबाइलवर वेळ लावून बसलेत आणि गुणपत्रक उडू नये म्हणून त्यावर पाण्याची बाटली ठेवली आहे.

हिरव्या जर्सीतली एक मुलगी, चण लहान, वेणी वर गुंडाळून बांधलेली. लेअपला झेपावताना तिला धक्का बसला आणि दोन फ्री थ्रो मिळाले. ती रेषेवर आली. चेंडू आपटला, तळवा शॉर्टला पुसला, पुन्हा आपटला. रिंग दहा फुटांवर. पहिला चेंडू कडीच्या पुढच्या काठावर आपटून परत आला. तिने मान हलवली, जणू चूक कुठे झाली ते तिला नेमकं कळलं होतं. दुसऱ्या वेळी गुडघे जास्त वाकवले, मनगट शेवटपर्यंत सोडलं आणि चेंडू कडीला न शिवता आत गेला. इतका सुरेख थ्रो, आणि टाळ्या पडल्या त्या बाकावरच्या चौघींच्या.

कडेला होते दोन्ही शाळांचे क्रीडाशिक्षक, पुढच्या सामन्यासाठी आलेल्या पोरी आणि मुलींना घेऊन आलेला एक रिक्षावाला. हिरवा संघ थोडक्यात हरला. सरांनी केळी वाटली, “पाणी प्या, सामान भरा, मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत पोचायचंय,” म्हणाले. स्पर्धा बाद पद्धतीची. जूनपासून केलेल्या सरावाचा हिशेब एका सकाळीत संपला होता.

त्या वेळी त्यांच्या वर्गात गणिताचा तास चालू होता. आया घरकामात किंवा दुसऱ्यांच्या घरकामाला, बाप एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला. या सामन्याला कोणी आलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. कोणी येऊच शकणार नाही, अशा वेळी तो ठेवला होता.

पायऱ्या

यात कोणाची कामचुकारी नाही, हे आधी सांगायला हवं. शालेय क्रीडा स्पर्धांची आपल्याकडची शिडी मोठी आहे आणि ती दरवर्षी खरोखर चालते. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील, मुलगे आणि मुली वेगळे. कबड्डी, खो-खोसारख्या खेळांना तालुक्याची पायरी, मग जिल्हा, मग विभाग. जळगाव महापालिका क्षेत्राची स्पर्धा वेगळी आणि उरलेल्या जिल्ह्याची वेगळी. तिथून जिंकलेले नाशिक विभागाला जातात, तिथे धुळे, नंदुरबार, नाशिकवाले भेटतात, पुढे राज्य आणि राष्ट्रीय. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयाला हे सगळं पावसाळ्यापासून दिवाळीच्या आगेमागे, परीक्षा सांभाळून, असेल त्या मैदानांवर बसवायचं असतं. दिवसाउजेडी एका कोर्टवर जास्तीत जास्त सामने उरकणं हाच त्यावरचा उपाय. बाद पद्धतही त्याचसाठी.

कॉलेजचंही असंच. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळं झालं आणि आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे आले. आधी आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडायचा आणि तो दुसऱ्या विद्यापीठांशी खेळायला पाठवायचा. संघात निवड झाली की ‘कलर’ मिळतो, आणि कलर होल्डर हा शब्द पोरं अजूनही अभिमानाने उच्चारतात.

या शिडीचं लक्ष मात्र वर आहे. चांगला खेळाडू हेरून पुढे पाठवणं हे तिचं काम. म्हणून तिच्या भोवती जी भाषा तयार झाली आहे ती प्रमाणपत्राची आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. एका मुलीच्या वडिलांना मी सामन्याचं विचारलं तर ते म्हणाले, “जिल्ह्याचं सर्टिफिकेट भेटलं का, ते सांगा भो.” चटई कारखान्यात उभ्याने पाळी करणाऱ्या माणसाने हेच आधी विचारावं यात काही गैर नाही. पण मुलगी कशी खेळते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहावंसं वाटतं असंही ते म्हणाले. आठवडी सुट्टी असते त्या दिवशी सामना नसतो.

मेहरूणच्या वाटेवर

मेहरूण हे एकेकाळी जळगावबाहेरचं गाव. आता महापालिकेच्या पोटात आलं, पण तलाव आहे, आणि बोरं आहेत. मेहरूणची बोरं हे नाव जळगावकराच्या तोंडी हिवाळ्याबरोबर येतंच. बागा कमी झाल्या, प्लॉट पडले, तरी हातगाडीवाला ओरडतो तो मेहरूणच्याच नावाने. एका अंगाला एमआयडीसी, दुसरीकडे शिरसोलीचा रस्ता. संध्याकाळी तलावाच्या कडेने चालणारे, पळणारे, पोलीस भरतीची तयारी करणारे, सगळे असतात.

याच भागातल्या एका मोकळ्या जागेवर काही मुलं-मुली संध्याकाळी बास्केटबॉल खेळतात. खांब वेल्डिंग करून घेतलेला, बोर्ड प्लायवूडचा, पावसाने कडा फुगलेल्या. एक जुना विद्यापीठ खेळाडू नोकरीवरून आला की शिकवतो. तिथे मला या लेखातले पहिले खरे प्रेक्षक भेटले : मिलमधून निवृत्त झालेले एक आजोबा. डॉक्टरांनी फिरायला सांगितलं म्हणून ते तलावाला यायचे, दम लागला की इथल्या कट्ट्यावर टेकायचे. आता ते फेरी अर्धीच घालतात आणि इकडे येऊन बसतात. खेळाचे नियम त्यांना येत नव्हते. बघता बघता आले.

त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्या प्रशिक्षकानेही इतक्या आपुलकीने सांगितलं नसतं. ती उंच मुलगी डाव्या हाताने ड्रिबल करायला घाबरते, म्हणून समोरचा पोरगा मुद्दाम तिच्या उजव्या अंगाला उभा राहतो. हा बारका आहे ना, तो रिबाउंडला उडी मारत नाही, आधीच जाऊन जागा धरतो, म्हणून चेंडू त्यालाच मिळतो. त्या दोघी बहिणी, धाकटी चांगली, पण मोठी मैदानात असली की ती पास देऊन मोकळी होते. “मोठी नसली ना, मग बघा तिचा खेळ.”

चाहता म्हणतात तो हाच. तो एका सामन्यात तयार होत नाही. त्याला तीच पोरं पुन्हा पुन्हा, त्याच जागी, त्याच्या फुरसतीच्या वेळी दिसावी लागतात. मग त्याला त्यांची खोड कळते, प्रगती कळते, आणि एक दिवस तो ‘आपली पोरं’ म्हणायला लागतो. आजोबा तसं म्हणत होते, आणि यातलं एकही पोर त्यांच्या नात्यातलं नाही.

शुक्रवारची रात्र

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हे शंभर वर्षांपासून चालत आलंय. तिथला बराच मुलुख मक्याचा. मका निघाला, थंडी पडली की शेतात काम नाही, आणि नेमका तेव्हाच हायस्कूलच्या बास्केटबॉलचा मोसम सुरू होतो. सामने बहुतेक संध्याकाळी, शुक्रवारची रात्र त्यांची ठरलेली. एकदा आपल्या गावात, एकदा शेजारच्या. एक शाळा हरो की जिंको, मोसमभर वीसेक सामने खेळते, बाद फेरी त्यानंतर. मार्टिन्सव्हिल नावाच्या गावाने १९२४ साली हायस्कूलचं व्यायामगृह बांधलं, त्यातल्या खुर्च्या गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त होत्या. पुढे प्रशिक्षक म्हणून अमेरिकेत नाव झालेला जॉन वुडन तिथेच शाळकरी असताना खेळला.

आणि १९५४ सालचा मायलनचा सामना. मायलन हायस्कूलची पटसंख्या १६१. समोर मन्सी सेंट्रल, शहरातली बलाढ्य शाळा. तेव्हा राज्यात एकच गट होता. शाळा केवढीही असो, सगळ्यांना एकाच स्पर्धेत खेळावं लागे. शेवटच्या डावात बॉबी प्लम्प नावाचा पोरगा चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू नुसता धरून उभा राहिला, आणि अखेरच्या सेकंदांत त्यानेच बास्केट केली. ३२-३०. दुसऱ्या दिवशी संघ गावाकडे निघाला तेव्हा मैलोन्मैल गाड्यांची रांग लागली होती. १९८६ सालचा ‘हूजियर्स’ हा चित्रपट याच विजयावरून सुचला.

१९९७ नंतर इंडियानाने पटसंख्येप्रमाणे चार गट केले. लहान शाळांना चषक मिळायला लागले, पण जुनी माणसं अजून हळहळतात. आपल्याकडे तसे गट कधी नव्हतेच. वय सोडलं तर पट विचारला जात नाही. जामनेर तालुक्यातलं पत्र्याच्या शेडमधलं विद्यालय आणि शहरातली बंदिस्त कोर्ट असलेली इंग्रजी शाळा विभागाला एकाच ड्रॉमध्ये येऊ शकतात. मायलनसारखा सामना घडण्याची सोय आपल्या नियमांत आजही आहे, फक्त तो घडला तर पाहायला कोणी नसेल.

इंडियानाची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. इंडियानापोलिसमधलं क्रिस्पस ॲटक्स हे कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळं काढलेलं हायस्कूल. १९४०च्या दशकापर्यंत अशा शाळांना राज्य स्पर्धेत प्रवेशच नव्हता. १९५५ साली ऑस्कर रॉबर्टसनच्या या संघाने राज्याचं विजेतेपद मिळवलं. विजेत्यांनी शहराच्या मधल्या चौकात जल्लोष करायची रीत होती. या पोरांची मिरवणूक चौकातून नेली, पण थांबू दिली नाही. जल्लोषासाठी त्यांना कृष्णवर्णीय वस्तीतल्या बागेकडे वळवलं. गावाच्या प्रेमात कोणाला धरायचं आणि कोणाला वगळायचं, हा प्रश्न तिथेही होता. आपल्याकडे आश्रमशाळांच्या स्पर्धा आदिवासी विकास विभाग वेगळ्या घेतो. त्या पोरांना त्यातून मैदान मिळतं हे चांगलंच आहे. पण धडगाव-अक्कलकुव्याची पळणारी पोरं जळगाव-धुळ्याच्या किती लोकांना ‘आपली’ म्हणून माहीत आहेत, हे मला सतावतं.

आवाज कुणाचा

इतक्या लांब कशाला जायचं? मुंबईत नागपाड्यात हे घडलेलं आहे. १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनने तिथे नेबरहूड हाऊस सुरू केलं. गिरणी कामगार, हमाल, कारागीर यांची दाट वस्ती. आज जिला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो तिचे पहिले वर्ग १९३६ साली याच घरात भरले. पोरांना रस्त्यावरून मैदानात आणायला बास्केटबॉल आला आणि तिथलाच झाला. शेजारचा मस्तान तलाव बुजवून झालेल्या मैदानावर पोरं संध्याकाळी खेळायची आणि मोहल्ला बघायचा. त्या दोन-चार गल्ल्यांनी भारताला किती खेळाडू दिले! भारताचा कर्णधार झालेला, १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवणारा अब्बास मुंतसिर हा नागपाड्याचाच. त्याला बघायला जमणारी माणसं त्याला लहानपणापासून ओळखत होती.

आणि कॉलेजसाठी घसा फोडणं आपल्याला येत नाही असं कोण म्हणेल? पुरुषोत्तम करंडक आठवा. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ साली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. पडदा उघडण्याआधी ‘आवाज कुणाचा’ अशी आरोळी उठते आणि अख्खं नाट्यगृह आपापल्या कॉलेजचं नाव घेऊन हादरतं. जळगावच्या पोरांनाही ही आरोळी पाठ आहे. आपल्या विद्यापीठाच्या ‘युवारंग’ला तिन्ही जिल्ह्यांतून कॉलेजचे संघ येतात, मुक्काम करतात, लोकनृत्याला, प्रहसनाला मांडवात पाय ठेवायला जागा नसते. तेच विद्यार्थी, तीच कॉलेजं. एम.जे.ची पोरं, अमळनेरच्या प्रतापची पोरं, धुळ्याची पोरं नाटकाला एकमेकांवर कुरघोडी करतात आणि आपल्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ आहे की नाही हेही त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसतं. मी विचारून पाहिलं. “आहे का? कधी असतात मॅचेस?” असा उलट प्रश्न आला.

दंगलीचा माइक

खानदेशी माणूस खेळ बघत नाही, असं मानायला मी तयार नाही, कारण मी दंगली पाहिल्या आहेत. यात्रेतली कुस्त्यांची दंगल उन्हं कलल्यावर रंगते. काम आटोपलेलं असतं, पाहुणे गावात असतात. लोक मातीच्या हौद्याभोवती गोल करून बसतात, मागचे ट्रॉलीवर, त्यामागचे घरांच्या धाब्यांवर. हलगी चालू. आणि मधोमध माइकवाला, पैलवानाच्या बरोबरीचा महत्त्वाचा माणूस. तो जोड पुकारतो तेव्हा नुसतं नाव घेत नाही. पोरगा कोणाचा, गाव कोणतं, वस्ताद कोण, मागच्या साली कोणाला चीत केलं, सगळं सांगतो. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी हात वर करतो, शंभराचं इनाम लावतो. त्याचंही नाव पुकारलं जातं. आता तो शंभर रुपयांचा भागीदार झाला, त्याला ती कुस्ती बघावीच लागते.

मी धुळ्याकडच्या एका दंगलीत बसलो होतो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारून सांगितलं, “हाऊ आमना गावना पोऱ्या शे!” पोऱ्या चौदा-पंधरा वर्षांचा. शाळेत असणार. शाळेच्या कुस्ती स्पर्धेत तो लढला असेल तेव्हा हा म्हातारा तिथे नव्हता, पण दंगलीत होता. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरी जिंकली तेव्हा खानदेश वेडा झाला होता. ते वेड एका रात्रीत आलं नव्हतं. गावोगावच्या हौद्यांभोवती बसून लोकांनी ते आधीच कमावलेलं होतं.

दंगलीला वेळ लोकांची आहे, जागा लोकांची आहे, आणि खेळणाऱ्याची ओळख करून देणारा माणूस आहे. शाळेच्या सामन्याला या तिन्ही गोष्टी नाहीत. पैसा, कोर्ट, प्रशिक्षक यांची चणचण आहेच आणि ती खरी आहे. पण मायलनकडे पैसा नव्हता, नागपाड्याकडे तर नव्हताच.

शनिवारचा कोर्ट

हे मी नुसतं टेबलावर बसून लिहीत नाही. शहरातले दोन-तीन क्रीडाशिक्षक आपापसांत ठरवून शनिवारी संध्याकाळी शाळा-शाळांचे मैत्रीपूर्ण सामने घेतात. सरकारी शिडीत याची नोंद नाही, प्रमाणपत्र नाही. प्रत्येक शाळेने प्रत्येकीशी खेळायचं, हरलं तरी पुढच्या शनिवारी यायचं. एवढ्या एका बदलाने काय होतं ते पाहण्यासारखं आहे. मागच्या वेळी त्या मुलीने आपल्याला सहा गुण मारले होते, हे आठवणीत राहतं. हिशेब चुकता करायचा असतो. कोर्टच्या कडेला वर्गमित्र येतात, त्यांच्या मागून भाऊ-बहिणी, मग भाजी घेऊन परतणाऱ्या आया पिशव्या खाली ठेवून उभ्या राहतात. चण्या-फुटाण्याची गाडी आपणहून येते, गर्दीचं भान तिला सगळ्यांत आधी असतं.

एका सरांनी गणपती मंडळाचा स्पीकर मागून आणला आणि अकरावीतल्या एका बोलघेवड्या पोराच्या हातात माइक दिला. तो दंगलीतल्यासारखंच पुकारतो : अमुक कॉलनी, अमुक दुकानदारांची मुलगी, मागच्या शनिवारी हिने शेवटच्या मिनिटाला काय केलं ते आठवतंय ना? पोरगी लाजते, आणि मग खरंच जोरात पळते.

अडचणी कमी नाहीत. दोन हॅलोजनचं वीजबिल कोणी भरायचं यावर शाळेच्या ऑफिसात कुरबुर झाली; शेवटी कॉलनीतल्या एका किराणा दुकानदाराने तेवढा भार उचलला. पाऊस आला की शनिवार वाया. नववीनंतर क्लासेसच्या वेळा आडव्या येतात. आणि गेल्या बैठकीत सर्वांत जास्त वाद झाला तो मुलींच्या सामन्यावरून. आतापर्यंत मुली साडेपाचला खेळायच्या, मुलगे सातला, दिव्याखाली, भरल्या कडेसमोर. मुलींनी सरांकडे अर्जच दिला : आम्हालाही सातची वेळ हवी. काही पालकांनी उशीर होतो म्हणून नाक मुरडलं. त्यावर दोन आया म्हणाल्या, त्या वेळी आमचा स्वयंपाक झालेला असतो, आम्हीच येऊन बसू आणि बरोबर घेऊन जाऊ. सरांनी दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर नवं वेळापत्रक लावलं. मुलगे साडेपाच. मुली सात.